कालवडीचे पेढे

आमच्या गोठ्यात पहिली खात्रीची कालवड जन्मली, त्या दिवशी सासऱ्यांनी शेजारच्या बेलापुरातून पेढे आणवले आणि गल्लीत घरोघर वाटले. वाटले म्हणजे मीच वाटले, ताट माझ्याच हातात दिलं होतं. आमच्याकडे मुलगा झाला की पेढे आणि मुलगी झाली की जिलेबी, अशी रीत आहे. माझ्या थोरलीच्या वेळी जिलेबी आली होती, पण ती दवाखान्यातल्या नर्सबाईंपुरती. धाकटीच्या वेळी तीही नाही. त्या दिवशी सासरे दवाखान्याच्या दारातूनच माघारी फिरले होते, उसाला पाणी द्यायचं राहिलंय म्हणून. आणि आता मी डोक्यावर पदर घेऊन दारोदार सांगत होते, आमच्याकडं कालवड झाली, तोंड गोड करा. बायका पेढा तोंडात टाकून माझ्याकडे बघून गालात हसत होत्या. एक जण तर म्हणालीच, "गायीनं नशीब काढलं बाई, पोरगी व्हऊनबी पेढे!" मला त्या गायीचा राग आला. वासराला चाटत उभी होती बिचारी, तिचा काय दोष. पण राग आला, हे खरं आहे.

ही जादू आमच्याकडे आणली ती गुरांच्या डॉक्टरांनी. तरुण माणूस, डोळ्यांवर काळा चष्मा, मोटारसायकलच्या मागे नायट्रोजनची टाकी बांधलेली, आणि बोलणं असं की समोर बाजेवर सासरे नसून मोठी सभा भरलेली आहे. त्यांनी समजावून सांगितलं होतं की वळूच्या रेतात दोन तऱ्हेचे शुक्राणू असतात. एकातून कालवड होते, दुसऱ्यातून गोऱ्हा. कालवडीच्या शुक्राणूत गुणसूत्रांचा ऐवज किंचित जास्त असतो. मग त्यांना चमकणारा रंग लावायचा, एकेक थेंब लेसरच्या उजेडापुढून सोडायचा, जास्त चमकेल तो एका बाजूला आणि कमी चमकेल तो दुसऱ्या बाजूला. आम्ही सुपात तांदूळ निवडतो तसं, फक्त हे निवडणारं यंत्र डोळ्याचं पातं लवायच्या आत हजारो दाणे निवडतं. निवडलेले कांडीत भरायचे, टाकीत गोठवायचे, आणि ती कांडी गायीला भरायची. बहुतेक वेळा कालवडच. सासरे हात जोडून म्हणाले, "मानसाची अक्कल कुठवर पोचली बघा!"

मी तिथेच उभी होते, डॉक्टरांचा चहा घेऊन. माणसाची अक्कल कुठवर पोचली ते मला दिसतच होतं.

श्रीरामपूरच्या ज्या दवाखान्यात माझ्या पोरी झाल्या, तिथे सोनोग्राफीच्या दारावर लाल अक्षरांत पाटी आहे. पोटात मुलगा की मुलगी हे सांगणं आणि विचारणं, दोन्ही गुन्हा. धाकटीच्या वेळी ती पाटी वाचत मी बाकावर बसले होते, तेव्हा शेजारी बसलेली माझी नणंद माझ्या कानात म्हणत होती, "दुसरीकडं इचारून बघू का?" मी तिला जे उत्तर दिलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यानंतर ती वर्षभर माझ्याशी बोलली नाही, आणि माझं वर्ष बरं गेलं. आणि आता आमच्या गावातल्या दूध डेअरीच्या भिंतीवर हसऱ्या गायीचं चित्र होतं, खाली ठळक अक्षरांत लिहिलेलं, 'हमखास कालवड'. एका भिंतीवर गुन्हा, दुसऱ्या भिंतीवर जाहिरात. पोरगी नको म्हणून मशीन वापरणारे आणि पोरगीच हवी म्हणून मशीन वापरणारे, एकाच घरात एकाच ताटात जेवत होते. कोणाला घास अडकल्याचं मी पाहिलं नाही.

आधी गोऱ्हे व्हायचे तेव्हा काय व्हायचं, तेही सांगते. ट्रॅक्टर आल्यापासून बैलाला काम नाही. जर्सी आणि एच.एफ. या विलायती जातींच्या गोऱ्ह्याला तर जू ठेवायला खांदाच नसतो. आईचं दूध विकायचं असतं, त्यामुळे गोऱ्ह्याला पाजणारं कोणी नाही. थोडे दिवस तो दाव्याला बांधलेला दिसायचा, मग एका सकाळी दावं रिकामं असायचं. कुठे गेला हे घरात कोणी विचारायचं नाही. मीही विचारलेलं नाही. त्यामुळे डॉक्टर जेव्हा म्हणायचे की या शोधामुळे त्या मुक्या जिवांचे हाल वाचले, तेव्हा मला खोडून काढता यायचं नाही. त्याचाही मला राग यायचा.

माझा राग त्या यंत्रावर नव्हता. यंत्राला काय, सांगितलं तसं निवडतं. राग होता तो कालवडी जन्मल्यावर त्यांच्या मागचं शेण कोण काढणार, या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांनी आधीच गृहीत धरलं होतं, त्यावर. कालवडी वाढल्या, गाभण राहिल्या, व्यायल्या, त्यांनाही तीच कांडी भरली, त्यांनाही कालवडी झाल्या. जुन्या गोठ्यात मावेनात म्हणून पलीकडे पत्र्याचं शेड झालं. गावातली माणसं बघायला यायची. सासरे पुढे, डॉक्टर त्यांच्या बाजूला, नवरा मागे हात बांधून. मी आणि थोरली मुलगी पाहुणे यायच्या आधी शेड धुऊन काढायचो आणि ते आले की दिसणार नाही अशा बेतानं बाजूला व्हायचो. वैरण आणायची, कुट्टी करायची, खड्ड्यात मुरवलेला चारा, म्हणजे मुरघास काढायचा, धार काढायची, भांडी घासायची. नवरा दूध डेअरीला घालायला जायचा आणि तिथून पेपर वाचून यायचा. आमच्या घरात शास्त्रज्ञ पुष्कळ झाले होते, गोठ्यात हात घालणाऱ्या आम्ही दोघीच.

मग पट्टे आले.

कोण्या कंपनीचा माणूस डॉक्टरांबरोबर आला आणि त्याने प्रत्येक गायीच्या गळ्यात एक पट्टा बांधला. पट्ट्यात आगपेटीएवढी डबी. ती डबी गायीचं हलणं-डुलणं मोजते, किती वेळ खाल्लं ते मोजते, किती रवंथ केला तेही मोजते. गाय माजावर आली, म्हणजे भरवायला तयार झाली, की मोबाईलवर निरोप येतो. रवंथ कमी झाला की निरोप येतो, की गाय आजारी पडणार आहे. अजून पडलेली नाही, पडणार आहे! सासऱ्यांना एवढा आनंद झाला की त्यांनी त्या माणसाला जेवायलाच ठेवून घेतलं. पोळ्या लाटताना मी ऐकत होते. "आता गायीला बोलायची गरजच न्हाई," सासरे म्हणत होते, "तिचं दुखनं आधीच आपल्याला कळतंय." मला हसू आलं. आत चुलीपाशी कोण आहे, त्याचं काय दुखतंय, हे विचारायला त्या घरात तोंडाची सोय होती, ती कधी कोणी वापरली नव्हती.

ते मोबाईलवरचं सगळं इंग्रजीत होतं. सासऱ्यांच्या फोनवर भजनं लागायची आणि फोन यायचे, बाकी काही नाही. नवऱ्याने दोन दिवस बोट फिरवून पाहिलं आणि म्हणाला, "बघू." हा त्याचा ठरलेला शब्द आहे. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्याने काय बघितलं ते मला अजून दिसलेलं नाही. शेवटी ते ॲप थोरलीच्या फोनमध्ये गेलं. तेव्हा ती बारावी सायन्सला होती. पहाटे धार काढायची, शाळेत जायचं, आणि मधल्या सुट्टीत आजोबांना फोन करून सांगायचं की चार नंबरची गाय माजावर आहे, डॉक्टरांना बोलवा. पोरगी हुशार म्हणून गावभर नाव झालं. हुशार पोरीचं पुढे काय करायचं, असं मात्र कोणाच्या मनात आलं नाही.

माझ्या आलं होतं. तिला नगरला बी.एस्सी.ला घालायचं, होस्टेलवर ठेवायचं, या गोठ्याच्या वाऱ्यालासुद्धा उभं राहू द्यायचं नाही. मी दहावीला होते तेव्हा मला विज्ञानात वर्गात सगळ्यात जास्त मार्क होते. त्याचं पुढे काय झालं ते लिहीत बसत नाही, हात शेणातच आहेत अजून. पण हिचं तसं होऊ द्यायचं नाही, हे मी ठरवलेलं होतं. बारावीचा निकाल लागला, मार्क चांगले पडले. त्याच संध्याकाळी मी जेवताना विषय काढला.

सासरे पाण्याचा घोट घेऊन म्हणाले, "कालवडी दाटल्यात गोठ्यात, अन् पोरगी नगरला? इथंच बाहेरून परीक्षा द्यायची. गाईंचं मोबाईलवरचं कोन बघनार?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "बघू."

पुढचं समजण्यासाठी सासूबाईंची एक सवय सांगायला हवी. आमच्या घरी गाय भरवली की त्या तिच्या कपाळाला हळदीकुंकू लावतात, भाकरी-गूळ चारतात आणि पाठीवर हात फिरवून म्हणतात, "सोन्यासारखा लेक व्हऊ दे गं बाई." आयुष्यभर बायकांच्या ओट्या भरताना हेच म्हणत आल्या, तेच तोंडात बसलेलं. कालवडीची कांडी भरली तरी तेच. डॉक्टरांनी सुरुवातीला हसून सांगितलं होतं, "आजी, लेक नको, लेक झाला तर माझं नाव जाईल." त्या "व्हय व्हय" म्हणायच्या आणि पुढच्या गायीला पुन्हा तेच म्हणायच्या. तसं म्हणूनही कालवडीच होत होत्या, म्हणून कोणी मनावर घेतलं नव्हतं.

निकालानंतर थोड्याच दिवसांत आमची सगळ्यात दुधाळ गाय व्याली आणि गोऱ्हा झाला.

सासऱ्यांचा चेहरा असा झाला, जणू कोणीतरी घरात शिरून फसवणूक करून गेलं आहे. आधी ते गोऱ्ह्याची शेपटी वर करून परत परत बघत राहिले. मग त्यांना आठवलं. "हिच्या तोंडानं घात केला!" ते सासूबाईंवर ओरडले. "लेक व्हऊ दे, लेक व्हऊ दे! झाला बघ लेक! घे मांडीवर!" हेच वाक्य आधीच्या प्रत्येक कालवडीच्या वेळी म्हटलं गेलं होतं, हे या विज्ञाननिष्ठ माणसाच्या डोक्यात आलं नाही. सासूबाई खांबाला धरून उभ्या होत्या. मग सासऱ्यांचा रोख माझ्याकडे वळला. गाभण असताना त्या गायीला वैरण माझ्या हातची होती. "अन् हिच्या हाताला तर काय, उलटंच समदं," ते म्हणाले. "घरात पायजे हुता तवा पोरगा दिला न्हाई, अन् नको हुता तिथं आनला."

मी शेणाचं घमेलं खाली ठेवलं. थोरली माझा हात धरून होती, म्हणून त्या वेळी गप्प बसले.

दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी डॉक्टरांना बोलावलं आणि कांडी बदलली म्हणून सगळ्यांच्या समोर आरोप केला. शेजारपाजारचे चार शेतकरीही आले होते, फुकटचा तमाशा कोण सोडतं. डॉक्टरांनी काळा चष्मा काढला. त्यांच्या अब्रूचा प्रश्न होता, त्यामुळे त्यांनी घसा खाकरून व्याख्यानच दिलं. एखादा दुसऱ्या जातीचा शुक्राणू निवडताना चुकून राहतो, तसं कंपनी आधीच सांगते, शंभर टक्के कोणीच म्हटलेलं नव्हतं. आणि मग ते म्हणाले, "आजींच्या बोलण्याचा संबंध नाही. वैरणीचा नाही. गायीचासुद्धा नाही. गायीकडून एकाच जातीचं बीज येतं. कालवड होणार की गोऱ्हा, हे ठरतं वळूकडून. गायीला दोष देऊ नका, तिच्या हातात काहीच नसतं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. एक म्हातारा म्हणाला, "बरुबर हाय. वळूचंच असतंय." सासरेसुद्धा म्हणाले, "ते मला ठाव हाय. मी गायीला कुठं काय म्हनलो?"

हे मी दहावीला शिकले होते. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, थोरली पोटात असताना, नवऱ्याला सांगितलंही होतं, वहीत आकृती काढून. त्याने आकृती पाहिली आणि कूस बदलून झोपला. आता तेच वाक्य वळूविषयी निघालं तर माना डोलत होत्या. माझ्या अंगाची आग झाली. मी शेडच्या दारातून पुढे आले आणि म्हणाले, "मामा, म्हंजे माझ्या दोनी पोरी तुमच्याच पोराकडनं आल्या. मग इतकी वर्षं बोलनी मला का खायला लावली?"

पदर खांद्यावरून घसरला होता, तो मी सावरला नाही. डॉक्टर चष्मा पुसत खाली बघायला लागले. नवरा गव्हाणीतली कुट्टी उगीच वरखाली करत होता. सासरे त्या चार माणसांकडे वळून हसत म्हणाले, "गुरांचं निराळं, मानसांचं निराळं." चारही जण हसले. डॉक्टरही हसले. त्यांना चांगलं ठाऊक होतं, तरी हसले. त्या हसण्यासाठी मी त्यांना अजून माफ केलेलं नाही. आता चहाही धाकटीच्या हातून पाठवते.

त्या दुपारी मी भाकरी करत होते. सासूबाई चुलीपाशी येऊन बसल्या. गुडघे दुखतात म्हणून त्या तिथे सहसा बसत नाहीत. विस्तवाकडे बघत त्यांनी विचारलं, "खरंच वळूकडनं असतं का गं ते?"

"व्हय आत्याबाई."

"मानसांचंबी?"

"मानसांचंबी."

त्यांनी चुलीत काटकी सारली. त्यांना आधी तीन मुली, मग माझा नवरा. "माझ्या सासूनं मला तीन वर्सं गोठ्यात निजवलं हुतं," त्या म्हणाल्या. "हे तवा कोनी सांगितलं असतं तर." आणि मग, माझ्याकडे न बघता, "अन् मी तुला तेच बोलत आले."

मी तव्यावरची भाकरी उलटली. इथे सून-सासू गळ्यात पडून रडल्या असं लिहिलं तर वाचणाऱ्याला बरं वाटेल. तसं झालं नाही. मला त्यांची दया आली, आणि तरी माफ केलं असं म्हणायला जीभ उचलली नाही. अजूनही उचलत नाही. मी भाकरी त्यांच्या ताटात टाकली आणि पुढची थापायला घेतली.

दुसऱ्या सकाळी मी धार काढली नाही. आंघोळ केली, लग्नातलं ठेवणीतलं पातळ नेसले आणि ओट्यावर येऊन बसले. थोरलीलाही शेजारी बसवलं. उजाडलं तशा गाई हंबरायला लागल्या. सासरे बाहेर आले, म्हणाले, "काय चाललंय?" मी म्हणाले, "पोरगी नगरला जानार असंल तर मी गोठ्यात जाते. नसंल तर आमी दोघी आजपासून हितंच बसनार. गाईंच्या गळ्यात पट्टा हाय, मोबाईलला सांगा वैरन टाकायला."

त्यांनी मला जे बोल लावले ते सगळ्या गल्लीने ऐकले. मीही काही कमी पडले नाही. त्यांनी माझं माहेर काढलं, मी त्यांचं शहाणपण काढलं. नवरा आणि सासरे दोघं मिळून शेडमध्ये गेले. आतून बादल्या पडल्याचा आवाज येत होता, एका गायीने नवऱ्याला लाथ मारली तोही आवाज आला. दुपारपर्यंत दोघांच्या अंगाला मुरघासाचा आंबूस वास लागला होता आणि डेअरीची वेळ टळून गेली होती. शेवटी नवरा घाम पुसत ओट्यापाशी आला. बघू म्हणायला त्याने तोंड उघडलं असावं, पण माझ्याकडे पाहून त्याने वडिलांकडे तोंड फिरवलं. "जाऊ द्या तिला," तो म्हणाला. लग्नानंतर माझ्या बाजूने त्याने बोललेलं ते पहिलं वाक्य. तेही गायीने लाथ घातल्यावर.

सासऱ्यांनी एकच अट घातली. मोबाईलवरचं ते तिनेच बघायचं, नगरला गेली तरी. थोरली लगेच हो म्हणाली. मीही मान हलवली, मला वाटलं स्वस्तात सुटलो.

स्वस्तात कसलं. पोरगी नगरला गेली आणि गोठा तिच्या मागोमाग गेला. तासाला बसलेली असली की खिशात फोन थरथरायचा. ती तासातून उठून आजोबांना फोन करायची, सहा नंबर माजावर आहे, नऊ नंबरचं खाणं कमी झालंय. सासरे येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगायचे, नात नगरला बसून गोठा सांभाळते, विज्ञान बघा कुठं गेलं. मी मनात म्हणायचे, पट्टा गाईंच्या गळ्यात बांधला आणि दावं माझ्या पोरीच्या. घरी डोळ्यांसमोर राबताना पाहवत नव्हतं म्हणून लांब पाठवली, तर तिथेही तेच. फोनवर मी तिला म्हणायचे, दुर्लक्ष कर, गाय मरत नाही लगेच. ती "हो मम्मी" म्हणायची. तिच्या आवाजावरून मला कळायचं की ती ऐकणार नाही.

दिवाळीनंतर थंडी पडली आणि मला ताप भरला. दोन दिवस अंगावर काढला. तिसऱ्या दिवशी सकाळी कशीबशी धार काढली, दूध भरून दिलं. नवरा निघताना त्याला म्हणाले, अंग फार दुखतंय. तो म्हणाला, "गोळी घे." त्याला शेवगावच्या बाजारात एक गाय बघायला जायचं होतं. सासरे शिर्डीला कोणाच्या तरी लग्नाला गेलेले, धाकटी शाळेत. सासूबाईंना थंडीत गुडघ्यांमुळे ओट्यावरून उतरवत नाही. वैरण टाकायच्या आधी जरा पाठ टेकावी म्हणून मी गोधडी घेऊन पडले आणि मला उठताच येईना. अंगात थंडी अशी वाजत होती की दात दातांवर आपटत होते. शेडमधून गाई हंबरत होत्या. मी त्यांना शिव्या देत होते, पण ओठ हलत नव्हते.

ऊन अंगणात आलं तेव्हा फोन वाजला. थोरली होती. तिने गाईंचं काही विचारलं नाही.

"मम्मी, तुला बरं नाही का?"

"तुला कोनी सांगितलं? पप्पांनी?"

"पप्पांचा फोन लागत नाही. आजोबा उचलत नाहीत."

"मग कसं कळलं तुला?"

"एका गाईचा रवंथ कमी झाला तर ती गाय आजारी असते," ती म्हणाली. तिचा आवाज घाबरलेला होता, पण ती नीट एकेक शब्द बोलत होती. "आज सगळ्यांचाच कमी दाखवतंय. म्हणजे वैरण पडली नाही. आणि वैरण पडली नाही, म्हणजे तू उठली नाहीस."

मला आधी रडू आलं. मग संताप आला, नेहमीसारखा. घरात माणसं असताना माझ्या तापाची बातमी माझ्या पोरीला गाईंच्या जबड्यांवरून लागली होती, नगरला, वर्गाच्या बाहेर उभी राहून. आणि मी तिला शिकायला पाठवलं होतं.

"तू तास सोडून हे बघत बसतीस व्हय?"

"रोज सकाळी बघते. रवंथाचा आकडा वर गेला की मग तासाला बसते."

"काढून टाक ते फोनमधनं," मी म्हणाले. "आत्ताच्या आत्ता. आजोबांना काय सांगायचं ते मी सांगते. काय अट-बिट न्हाई, त्यांना बघून घेते मी."

"आजोबांसाठी ठेवलंय असं वाटलं तुला?"

मी गोधडी अंगावरून बाजूला केली. ती म्हणाली, "तू गोठा सोड, मम्मी. मग मी काढते."

मी या घरात कोणाचं ऐकून घेतलेलं नाही. सासरे, नवरा, नणंद, डॉक्टर, कोणाला काय म्हणायचं ते माझ्या तोंडात तयार असतं. पोरीला मात्र काही बोलता येईना. फोन कानाला तसाच होता. शेडमध्ये गाईंनी एकदम हंबरडा फोडला, तो तिलाही ऐकू गेला असणार.

"मम्मी, उठू नकोस," ती म्हणाली. "मी येते."

मी उठून बसले होते. एक पाय चपलेत घालून झाला होता.